डाव्या हाताचं काज

“आडनाव न्हाई का गं ह्याच्यावर?” आईनं गळ्यातलं कार्ड हातात धरलं, डोळ्यांपासून लांब नेलं, मग जवळ आणलं. “नुस्तं शालनताई लिवलंय.”

“जागा कमी असते आई. असंच लिहितात.”

“आन् हे खाली?”

“कारागीर. पास आहे तो. त्याच्याशिवाय आत सोडत नाहीत.”

तिनं मान हलवली आणि कार्ड पदराखाली सरकवलं. मी ते परत बाहेर काढलं. कार्ड सतत दिसलं पाहिजे, अशी आयोजकांची सूचना होती.

पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात फॅशनच्या धंद्यातल्या लोकांचा मेळावा होता. दिवसभर भाषणं आणि मध्ये मध्ये चहा. खरं तर लोक चहालाच येतात. कापडवाला दुकानवाल्याला भेटतो, दुकानवाला डिझायनरला भेटतो, कार्डं इकडून तिकडे जातात. भाषणं असतात ती दोन चहांच्या मध्ये बसायची सोय म्हणून. गळ्यातल्या फितीचे रंगही ठरलेले. बोलणाऱ्यांची पिवळी, निमंत्रितांची निळी, कारागिरांची करडी. समोरचा माणूस आधी फितीकडे बघायचा आणि मग किती हसायचं ते ठरवायचा.

माझी फीत निळी होती. कार्डावर ‘राजश्री फुलारी, सहसंस्थापक’ असं छापलेलं. गौतमीची पिवळी.

गौतमी राजवाडे माझी भागीदार. ह्या गोष्टीला बारा वर्षं झाली, पण तिच्यावरचा माझा राग तसूभरही कमी झालेला नाही, हे आधीच सांगून टाकते. काळ गेला की माणूस सगळं विसरतं असं म्हणणाऱ्यांना कुणी नीट फसवलेलं नसावं. फॅशनच्या कॉलेजात आम्ही दोघी एका टेबलावर बसून कापड कापायला शिकलो. तिचे बाबा दातांचे डॉक्टर, आई बँकेत मोठ्या हुद्द्यावर. मी सोलापूरची. वडील मी नववीत असताना गेले, आणि आई टेलरांची काजं-बटणं करून घर चालवायची. गौतमीनं हे मला कधी जाणवू दिलं नाही. उलट माझ्या डब्यातली शेंगाचटणी तीच संपवायची आणि मी तिचं सँडविच. बहिणी शोभाल, असं हॉस्टेलच्या बाई म्हणायच्या.

कॉलेज संपल्यावर चार वर्षं इकडेतिकडे नोकऱ्या करून आम्ही ‘घडी’ नावाचा ब्रँड काढला. हातमागाच्या कापडाची जाकिटं. जाकिटं चांगली होती, पण चांगली जाकिटं बाजारात ढिगानं असतात. आमच्या जाकिटाला गिऱ्हाईक थांबायचं ते त्याच्या काजापाशी.

आई हातानं काज करायची, तेही डाव्या हातानं. उजव्या हाताची बाई ज्या टोकाला काज सुरू करते तिथे आईचं संपायचं. त्यामुळे गाठींची ओळ उलट्या बाजूला झुकायची आणि शेवटचा आडवा टाका भलत्याच टोकाला यायचा. सोलापूरच्या नवी पेठेतल्या बाबूराव टेलरांनी तिचं पहिलं काज बघितलं तेव्हा ते म्हणाले होते, “शालन, हे उलटं झालं. गिऱ्हाईक बोंब मारंल.” आई म्हणाली, “गिऱ्हाईक बटण लावतंय का काज बघत बसतंय?” बाबूरावांनी पुढची वीस वर्षं कोटाची काजं दुसऱ्या कुणाकडे दिली नाहीत.

गौतमीनं ते काज पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती कितीतरी वेळ त्यावरून बोट फिरवत बसली. “राजश्री, ही आपली सही आहे,” ती म्हणाली. मग आईनं सोलापुरात आमच्यासाठी चौदा बायका जमवल्या. सगळ्या उजव्या हाताच्या. त्यांना उलटं काज शिकवताना आईच्या नाकी नऊ आले. “देवानं दिलेला हात सोडून माझा हात कशापायी शिकवायलीस त्यास्नी?” ती मला फोनवर विचारायची. पण शिकवलं तिनं.

मेळाव्यात नव्या ब्रँडांपैकी एकाला बोलायची संधी मिळायची. दहा मिनिटं, आपली गोष्ट सांगायची. आमची निवड झाली. समोर कपाडियाबाई असणार होत्या. मुंबईतल्या एका दुकानांच्या साखळीसाठी त्या माल निवडायच्या. त्यांनी मान हलवली की ब्रँड अकरा शहरांत पोचायचा, नाही हलवली तर आमच्यासारखे लोक प्रदर्शनात टेबल मांडून बसायचे. तीन वर्षं टेबल मांडून आम्ही थकलो होतो. आणि बोलायचं मी, असं ठरलं होतं. गोष्ट माझ्या घरची होती, आणि ‘घडी’ म्हटलं की लोक फक्त गौतमीकडे बघायचे, ते मला त्या दिवशी संपवायचं होतं. मला ते फार हवं होतं. इतकं हवं होतं की मी घरी चालता चालता बोलून बघायची.

मेळाव्याच्या दहा दिवस आधी गौतमी आमच्या पुण्यातल्या वर्कशॉपमध्ये आली आणि पर्स खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, “आयोजकांचा मेल आलाय. भाषण इंग्रजीत हवं म्हणतायत.”

“मग?”

“मग काय? बोलशील ना?”

तिला माहीत होतं. मी इंग्रजी वाचते, लिहिते, समोर एक माणूस असला तर बोलतेही. हातात माइक आला की जीभ टाळ्याला चिकटते. कॉलेजात एकदा मी प्रेझेंटेशनला उभी राहून तीन मिनिटं नुसतं ‘सो, सो’ करत होते, आणि पहिल्या रांगेतून गौतमीच मला ओठ हलवून शब्द पुरवत होती.

“तू बोल,” मी म्हणाले. हे मीच म्हणाले, ते नाकबूल करत नाही.

“पण गोष्ट तुझी आहे गं.”

“माझी म्हणूनच सांग. ‘माझी पार्टनर राजश्री’ म्हण, मी समोर असेनच. मग मी उठून नमस्कार करते.”

“हे बेस्ट आहे!” तिनं माझे दोन्ही हात धरले. “तू लिहून दे मला. मराठीतच दे, तू बोलली असतीस तसं. ‘माझी आई’, ‘माझे बाबा’ असंच लिही, नाहीतर त्यातला जीव जातो. इंग्रजीत मी करते.”

मी दोन दिवस बसून सहा पानं लिहिली. जे मी तिलाही कधी सांगितलं नव्हतं, ते लिहिलं. काज करताना आईच्या डाव्या अंगठ्याला पडलेली भेग, तिच्यात चटणी जाऊ नये म्हणून तिनं उजव्या हातानं कालवलेलं कालवण. आणि बाबांचा कोट. बाबूराव टेलरांनी तीन वेगवेगळ्या सुटांचे उरलेले काळे तुकडे आईला दिले होते. त्यातून एक कोट निघाला. उन्हात धरला की तिन्ही काळे वेगळे दिसायचे. कॉलरवरच्या काजाला आईनं मुद्दाम तांबडा दोरा वापरला, कारण बाबा म्हणाले होते, सगळंच दुसऱ्यांकडून मिळालेलं आहे तर एवढं तरी माझ्या पसंतीचं कर. त्या कोटात बाबा चार लग्नांना गेले. पाचव्याच्या आधी ते गेले.

सहा पानं वाचून गौतमी रडली. खरं रडली, नाक लाल झालं तिचं. मग म्हणाली, “तो कोट मिळेल?”

आईनं ट्रंकेतून कोट काढला, डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट जुन्या धोतरात गुंडाळला आणि स्वतःच पुण्याला घेऊन आली. मेळाव्यात कारागिरांना प्रात्यक्षिकासाठी टेबलं दिली होती, तिथं तिला बसवायचं होतं. कोट गौतमीच्या हातात देताना ती एवढंच म्हणाली, “जपून, बाळा. त्येवढाच हाय.”

“काकू, जिवापाड जपते,” गौतमी म्हणाली आणि वाकून तिच्या पाया पडली.

असो. मेळाव्याच्या सकाळी मी आईला हॉलबाहेरच्या टेबलाशी बसवलं. शेजारी चपला शिवणारे एक बाबा होते. त्यांच्याशी आईची पाच मिनिटांत गट्टी जमली. तिनं त्यांना मेण दिलं, त्यांनी तिची भोक पाडायची आरी घासून दिली. लोक येऊन वाकून बघायचे आणि तिच्या हातांचे फोटो काढायचे. तोंडाचा फोटो कुणी काढत नव्हतं. “हातच का काढायलेत गं?” तिनं मला हळूच विचारलं. मी घाईत होते. बघू नंतर, म्हणाले.

पहिल्या चहाला गौतमी कपाडियाबाईंना घेऊन टेबलाशी आली. पांढरे केस, खादीची साडी, चष्म्याला साखळी. कपाडियाबाई खाली वाकल्या आणि टाक्यावर टाका पडताना बघत राहिल्या. खूप वेळ बघितलं त्यांनी.

“सुंदर,” त्या आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाल्या. “उलटा आहे ना हे काज? आणि हे बाई कोण? तुमचे कारागीर?”

आईनं सुई थांबवली. पदर खांद्यावर नीट केला आणि माझ्याकडे बघून हसली.

“हो,” मी म्हणाले. “शालनताई. आमच्या सगळ्यांत जुन्या कारागीर.”

खोटं नव्हतंच ते. घरची माणसं कामाला लावलेली दिसली की धंदा घरगुती वाटतो, हे गौतमीनंच मला दहादा ऐकवलं होतं. शिवाय अर्ध्या तासात भाषणात सगळं उघड होणारच होतं. गौतमी माझ्याकडे बघत होती.

“किती वर्ष करता, ताई?” कपाडियाबाईंनी विचारलं.

“झाली की लई वर्सं,” आई म्हणाली. तिनं पुन्हा सुई उचलली. “म्याडम लोक चांगले हायत.”

मला हायसं वाटलं. आई हुशार आहे, प्रसंग ओळखते, असं मनात आलं. कपाडियाबाई मला म्हणाल्या, “माझ्या बाजूला बस तू,” आणि मी जाऊन त्यांच्या बाजूला बसले. दुसरी रांग, मधली खुर्ची. तिथून मला उठून वळता आलं असतं आणि सगळ्या हॉलला मी दिसले असते. ते मी खुर्चीत बसताच बघून ठेवलं.

गौतमी छान दिसत होती. आमचंच निळं जाकीट घातलेलं. मागे पडद्यावर आईचे हात. व्यासपीठावर एका लाकडी हँगरला बाबांचा कोट टांगला होता आणि त्यावर वरून दिवा सोडला होता. कोटाला कधी एवढा उजेड मिळाला नव्हता. तिन्ही काळे दिसत होते.

“माय मदर,” गौतमीनं सुरुवात केली, “इज लेफ्ट-हँडेड.”

मला वाटलं, चुकून म्हणाली. घाबरली असेल, पहिलं वाक्य आहे, दुसऱ्या वाक्यात सुधारेल. मी अगदी सरसावून बसले, कॉलेजात ती बसायची तशी, ओठ हलवून शब्द पुरवायच्या तयारीत. दुसरं वाक्यही ‘माय मदर’नंच सुरू झालं. तिसऱ्यात अंगठ्याची भेग आली. माझ्या सहा पानांतलं एकेक वाक्य इंग्रजी होऊन येत होतं, आणि फार चांगलं इंग्रजी होतं ते. मी स्वतः बोलले असते तर इतकं चांगलं झालं नसतं. कालवण आलं. बाबूराव टेलर आले, लोक हसले. मग ती चालत कोटापाशी गेली, तांबड्या काजातून बोटाचं टोक बाहेर काढलं आणि थांबली. तिथे थांब असं मी लिहिलेलं नव्हतं, ते तिचं स्वतःचं.

“माय फादर्स कोट,” ती म्हणाली. आवाज फाटला तिचा.

तिचे बाबा त्या वेळी बहुधा आपल्या दवाखान्यात कुणाची तरी दाढ बघत होते.

कपाडियाबाई चष्मा काढून डोळे टिपत होत्या. त्यांनी माझा हात दाबला आणि कानाशी येऊन विचारलं, “तुला माहीत होता हे सगळा?”

त्या क्षणी मला बोलता आलं असतं. हळू आवाजात, मराठीत, एका माणसाशी. तेवढं मला येत होतं.

“हो,” मी म्हणाले. “थोडंफार.”

शेवटचं वाक्य गौतमीनं मराठीत म्हटलं. “आई, हे सगळं तुझं आहे.” हॉल उभा राहिला. टाळ्या थांबेनात. मी मागे वळले. कारागिरांना हॉलमध्ये खुर्च्या नव्हत्या, पण मागच्या दाराशी आई उभी होती. कोट दाखवणार आहेत असं तिला कुणीतरी सांगितलं असावं. सुई तिनं पदराला टोचून ठेवली होती आणि ती टाळ्या वाजवत होती.

मी पडद्यामागे गेले. गौतमी बाटलीनं पाणी पीत होती.

“माझं नाव एकदाही घेतलं नाहीस,” मी म्हणाले.

“थांब, श्वास घेऊ दे. कपाडिया रडल्या, बघितलंस?”

“गौतमी, ती माझी आई आहे.”

“हळू बोल ना.” तिनं पडद्याच्या फटीतून बाहेर बघितलं. “मी करून बघितलं राजश्री, खरंच. ‘माझ्या पार्टनरची आई’ म्हटलं की ऐकणारा विचारतो, मग तू कोण? दहा मिनिटांत दोन माणसं मावत नाहीत. ‘माझी आई’ म्हटलं की लोक पुढे सरकून बसतात.”

“आणि माझ्या बाबांचा कोट तुझ्या बाबांचा झाला?”

“तू लिहून दिलंस तसं वाचलं मी. ‘माझे बाबा’ असंच होतं.”

“तूच सांगितलंस तसं लिही म्हणून!”

“हो.” मग गळ्यातली पिवळी फीत सरळ करत म्हणाली, “ब्रँडची गोष्ट आहे ही. ब्रँड दोघींचा आहे. तुलाच हवं होतं ना टेबल मांडणं बंद व्हायला? चल, बाहेर फोटो काढतायत. तू पण ये.”

केसानं गळा कापणं म्हणतात ते मी तोवर फक्त वाचलं होतं. मला तिला मारावंसं वाटलं. त्याच वेळी ती माझा हात धरून बाहेर ओढत होती आणि मी जात होते, हेही खरं. बाहेर पडताच कपाडियाबाई समोर आल्या. त्यांनी गौतमीला मिठीत घेतलं.

“तुझे आई आलेत का? मला भेटायचा आहे त्यांना.”

“नाही हो,” गौतमी म्हणाली. “सोलापूरला असते ती. आता प्रवास झेपत नाही तिला.”

दहा पावलांवर आई टेबलाशी बसली होती आणि एका मुलीला दोऱ्याला मेण कसं लावायचं ते दाखवत होती. गौतमी बोलत असताना तिनं मान वर केली होती. मराठीच होतं ते, तिला कळलं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. कपाडियाबाईंनी माल घेतला. ‘घडी’ अकरा शहरांत गेली. गोष्ट पेपरात आली, मासिकात आली, आणि एकदा छापली गेल्यावर ती गौतमीचीच झाली. मी महिनाभर भांडले आणि बाहेर पडले. कोट मागितला तेव्हा तिनं वकिलाकडून कळवलं की तो ब्रँडच्या मालकीच्या वस्तूंत मोडतो. आज तो तिच्या पुण्यातल्या दुकानात काचेच्या पेटीत आहे. मी एकदा जाऊन बघून आले. डांबराच्या गोळ्या नाहीत, कसर लागणार आहे त्याला.

त्या दिवशी मात्र एवढं सगळं मला माहीत नव्हतं. आई दोन दिवस राहायचं म्हणून आली होती. दुपारी तिनं सुया डबीत भरल्या, चपलावाल्या बाबांचा निरोप घेतला आणि म्हणाली, “मला आजच गाडीत बसवून दे.”

“अगं, शेंगाचटणी आणलीयस, दोन दिवस म्हणून आलीस—”

“चटणी तुला ठेव की. मी जाते.”

रिक्षातून स्वारगेटला जाताना मी एकटीच बोलत होते. गौतमीचा उद्धार करायला मला मराठी, हिंदी आणि सोलापूरची अशा तिन्ही भाषा लागल्या. रिक्षावाला आरशातून बघत होता. आई बाहेर बघत होती. सोलापूरची गाडी लागलेलीच होती. मी तिला खिडकीपाशी जागा धरून दिली, पाण्याची बाटली दिली आणि खाली येऊन खिडकीखाली उभी राहिले.

“कोट घेतलास का?” तिनं विचारलं.

मी विसरले होते. एवढ्या भांडणात कोट तिथंच हँगरला राहिला होता. “उद्या आणते,” मी म्हणाले. “आई, तिनं चोरलं गं. तुझे हात चोरले, बाबा चोरले, सगळं स्वतःचं म्हणून सांगितलं तिनं. तुला राग कसा येत नाही?”

“आला की.”

“मग टाळ्या कशाला वाजवत होतीस?”

खिडकीच्या गजाला रंगाचा पोपडा आला होता, तो तिनं डाव्या अंगठ्यानं सोलून काढला.

“इंग्लिश मला कळत न्हाई,” ती म्हणाली. “पर माय मदर कळतंय. धा येळा तरी म्हणली ती. केवढी मोठी मोठी मानसं बसल्याली. खोटं का असंना, त्या सगळ्यांम्होरं आई म्हणली मला.”

“अगं, पण—”

“सकाळी तू काय म्हणलीस त्या बाईला?”

तिच्या आवाजात राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. कंडक्टरनं घंटी दिली. आईनं गळ्यातलं कार्ड डोक्यावरून काढलं. फीत अंबाड्यात अडकली, ती सोडवून घेतली, नीट गुंडाळली आणि खिडकीतून माझ्या हातात दिली.

“परत द्यायचं आसंल हे. उगं तुझ्यावर बोल नको.”

गाडी मागे सरकली, वळली आणि फाटकातून बाहेर पडली. तिनं हात केला. मी केला की नाही, आठवत नाही.

मग मी तिथंच बाकावर बसून कार्ड उलगडलं. शालनताई. खाली कारागीर. मेळाव्याचा फॉर्म मीच भरला होता. त्यात नाव आणि आडनाव असे दोन वेगळे रकाने होते. आडनावाच्या रकान्यापाशी मी बराच वेळ पेन धरून बसले होते. तिथं फुलारी लिहिलं असतं तर कुणीतरी ते माझ्या कार्डाशी ताडून बघितलं असतं. म्हणून मी तो रकाना कोरा सोडला आणि पुढच्यात कारागीर लिहिलं. गौतमीनं तोवर काहीच केलेलं नव्हतं.

कार्डावर जागा भरपूर होती.